सोपे गाणे

आकाशवाणीने शास्त्रीय संगीताबाहेरच्या गाण्यांना 'सुगम संगीत' असे नाव दिले आणि मराठी श्रोत्याने ते फारशी चिकित्सा न करता स्वीकारले. सुगम म्हणजे जेथे सहज जाता येते ते. मात्र तेथे जाणारा कोण, ऐकणारा की गाणारा, हा प्रश्न त्या नावाने मोकळाच ठेवला. ऐकणाऱ्याला अतिशय सुगम वाटणारे एखादे भावगीत घरगुती बैठकीत म्हणावयास घेतले, की दुसऱ्या कडव्याच्या चढावर भल्याभल्यांचा श्वास कोंडतो. उलट गणपतीपुढची आरती कोणी संगीत म्हणून ऐकत नाही. पण ती म्हणता येत नाही असा माणूस मराठी मुलखात सापडणे कठीण. कानाचे सोपे आणि गळ्याचे सोपे यांत असे अंतर असते. गाणे परभाषेतले असेल तर जिभेचे सोपे हे तिसरे माप येऊन मिळते, आणि ते परक्यांच्या घरी जाऊन म्हणावयाचे असेल तर मनाचे सोपे हे चौथे. ही चारही मापे एकदम हाती घेऊन बसण्याची वेळ कोलकात्यात राहणाऱ्या एका मराठी बाईवर साठीच्या उंबरठ्यावर आली. तिला एक जपानी गाणे निवडायचे होते.

ती मूळची मिरजेची. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारे गाणे लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून तिने ऐकले होते, आणि गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा लग्नाआधी कशीबशी पदरात पाडून घेतली होती. १९८८ साली लग्न होऊन ती कलकत्त्याला आली. नवऱ्याची नोकरी बदलीची नव्हती, त्यामुळे कलकत्ता तिचा झाला तो कायमचाच. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवाला मराठी माणसे भेटत. उरलेले वर्षभर पाड्यातल्या सर्वांची ती 'बौदि' होती. मुलगा इथेच शिकला, इंजिनिअर झाला, नोकरीनिमित्त नागोयाला गेला आणि तेथल्याच मुलीशी त्याने लग्न ठरविले. दोन्ही घरांची पहिली भेट दूरध्वनीच्या पडद्यावर झाली. नमस्कार झाले, वाकणे झाले, हसून झाले. पुढे बोलायला शब्द नव्हते. व्याही आणि विहीण तिकडे, ही दोघे इकडे, आणि मध्ये मुलगा व सून आळीपाळीने दुभाष्याचे काम करीत राहिली. शेवटी सून म्हणाली, 'आई, तुम्ही इकडे आलात की आपण सगळे कराओकेला जाऊ. बाबांना गाण्याची फार हौस आहे.' व्याह्यांनी हा एकच शब्द ओळखला असावा. त्यांचा चेहरा प्रथमच उजळला.

हा शब्द जोडशब्द आहे. 'कारा' म्हणजे रिकामे आणि 'ओके' हा 'ओकेसुतोरा'चा, म्हणजे ऑर्केस्ट्राचा, तुकडा. रिकामा वाद्यवृंद. वाद्ये सारी हजर. जागा रिकामी आहे ती गाणाऱ्याची. अशा यंत्राचा एक नमुना नेगिशि शिगेइचि यांनी १९६७ साली तोक्योत केला होता. तथापि कराओकेचा जनक म्हणून सहसा नाव घेतले जाते ते कोबे शहरातल्या इनोउए दाइसुके यांचे. ते मद्यगृहांत गिऱ्हाइकांच्या गाण्याला वाद्यावर साथ करीत. एका गिऱ्हाइकाला सहलीच्या ठिकाणी त्यांची साथ हवी होती, पण जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी ती फितीवर मुद्रित करून दिली. त्यातून १९७१ साली नाणे टाकून चालणारे यंत्र निघाले. हौशी गळ्याला झेपेल अशा पट्टीत साथ बांधणे, हे त्या फितींचे वैशिष्ट्य होते. इनोउए यांनी यंत्राचे एकस्व घेतले नाही. २००४ साली त्यांना गमतीच्या 'इग नोबेल' पुरस्कारांपैकी शांततेचा पुरस्कार मिळाला. माणसांना एकमेकांना सहन करण्याची नवी रीत त्यांनी शिकविली, असे त्याचे कारण देण्यात आले. थट्टेतच ते म्हटले गेले, पण दोन अबोल घरांच्या दृष्टीने पाहिले तर त्यात थट्टेसारखे काही उरत नाही.

मराठी बाईला ही रीत अगदीच अपरिचित होती असे मात्र नाही. लग्नानंतर घास भरविताना, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला नव्या सुनेला 'नाव घे' असा आग्रह होतो आणि तिला चारचौघींसमोर उखाणा म्हणावा लागतो. तेथे कोणी काव्याची अपेक्षा करीत नाही. यमक जुळले, नवऱ्याचे नाव शेवटी आले आणि आवाज ऐकू गेला की सगळ्या जणी हसून दाद देतात. लाजाळू मुली दोन ओळींचा सोपा उखाणा आधीच पाठ करून ठेवतात, आणि त्या सोपेपणाला कोणी नावे ठेवीत नाही. आपण या घरात बोलू लागलो, एवढेच त्यातून सांगायचे असते. नागोयाला जाऊन आपल्याला उखाणाच घ्यायचा आहे, असे तिने स्वतःशी ठरविले तेव्हा तिची अर्धी भीती गेली. उरलेली अर्धी जुनी होती आणि ती जपानची नव्हती.

कलकत्त्यात आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी पाड्यातल्या रवींद्रजयंतीला तिला गायला सांगण्यात आले होते. गळा तयार होता. सूर तिने ध्वनिफितीवरून अचूक उचलले होते. पु. ल. देशपांडे पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले, हे 'वंगचित्रे'त तिने वाचलेले होते, आणि आपले वय तर पंचविशीच्या आत आहे असा तिला धीर होता. गाणे संपल्यावर टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी जवळ बोलावून, अत्यंत मायेने, तिने केलेल्या उच्चारांच्या चुका एकामागून एक सांगितल्या. बंगालीत 'स' लिहितात आणि 'श' म्हणतात. 'अ' लिहितात आणि तो 'ओ'कडे झुकतो. 'व' तर नाहीच, त्याचा 'ब' होतो. सांगण्यात दुष्टपणा नव्हता. त्या बाईंना ते गाणे प्राणांहून प्रिय होते आणि ते जखमी झालेले त्यांना पाहवत नव्हते. तरुण सुनेला मात्र एवढेच कळले, की सूर बरोबर असूनही ती दाराबाहेरच उभी होती. त्यानंतर तिने बंगाली उत्तम बोलायला शिकून घेतले, बाजारात मासळीचा भाव करण्याइतके आणि शेजारणीच्या दुःखात सामील होण्याइतके. पण दुसऱ्याच्या भाषेत ती पुन्हा गायली नाही. महाराष्ट्र निवासात भजने म्हणत राहिली.

या शहराची ही कडक माया समजून घ्यावी लागते. पंकज मल्लिक यांनी १९२९पासून सुमारे साडेचार दशके कलकत्ता आकाशवाणीवरून गाणे शिकविण्याचा वर्ग चालविला. रेडिओपुढे वही घेऊन बसलेल्या हजारो घरांनी सूर आणि शब्द त्या वर्गातून घोटून घेतले. जे इतक्या श्रद्धेने शिकले जाते ते चुकीचे म्हणणे हा अपराध ठरला तर नवल नाही. रवींद्रनाथांच्या गाण्यांचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि ध्वनिमुद्रिका बाहेर पडण्यापूर्वी तिच्या संगीत समितीची संमती लागे. देवव्रत विश्वासांसारख्या मोठ्या गायकालाही वाद्यांच्या वापरावरून आणि गायकीवरून या समितीशी संघर्ष करावा लागला, आणि पुढे त्यांनी नव्या ध्वनिमुद्रिका करणेच सोडून दिले. रवींद्रनाथांच्या मृत्यूला पन्नास वर्षे होताच हे हक्क संपावयाचे होते. कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना आणखी दहा वर्षांचे आयुष्य मिळाले आणि २००१च्या अखेरीस ते संपले. तेव्हापासून कोणीही कसेही गाऊ शकतो. परंतु कायद्याने दिलेली मोकळीक पहिल्या रांगेतल्या श्रोत्याच्या चेहऱ्यावर उमटायला बराच काळ लागतो.

जपानशी मात्र या शहराचे नाते जुने आहे. ओकाकुरा काकुझो १९०२ साली येथे होते आणि ठाकूर कुटुंबात त्यांचे जाणेयेणे होते. १९१६च्या मे महिन्यात रवींद्रनाथ 'तोसा मारू' नावाच्या जहाजाने कलकत्त्याहून निघून जपानला गेले. 'जापानयात्री' हे त्यांचे पुस्तक त्या प्रवासाचे. २००७ साली सॉल्ट लेकमध्ये भारत-जपान सांस्कृतिक केंद्राची, रवींद्र-ओकाकुरा भवनाची, वास्तू उभी राहिली. पण तिच्या रोजच्या वाटेवरचा जपान आणखी जवळ होता. रवींद्र सरोवराच्या काठी निचिदात्सु फुजी यांनी १९३५ साली स्थापन केलेले जपानी बौद्ध मंदिर आहे. तेथे डफासारख्या वाद्यावर ठोका धरून पद्मसूत्राच्या नावाचा सात अक्षरी मंत्र म्हणतात. सकाळी फिरायला जाताना तो ठोका तिने वर्षानुवर्षे ऐकला होता. हेच फुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींकडे राहिले होते, आणि त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत सामील झाला. सेवाग्रामच्या सर्वधर्मप्रार्थनेचा आरंभ त्या सात अक्षरांनी होतो. म्हणजे विदर्भातल्या कित्येक मराठी मुखांनी जपानी उच्चार पिढ्यान्‌पिढ्या केले आहेत, आणि ते बरोबर झाले की नाहीत हे कोणी तपासले नाही. गोलपार्कच्या रामकृष्ण मिशन इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरमध्ये जपानी शिकवितात हे कळल्यावर तिने नाव घातले ते याच भरवशावर.

वर्गात ती वयाने सर्वांहून मोठी. बाकीची मुले विशीतली, जपानी चित्रमालिका पाहून भाषेच्या प्रेमात पडलेली. तिला ती 'काकिमा' म्हणू लागली. गाण्याचा विषय निघताच त्यांनी आपापल्या आवडीची गाणी तिला ऐकविली. 'नेऑन जेनेसिस इव्हँजेलियन' या मालिकेचे १९९५ सालचे शीर्षकगीत जपानी कराओकेत आजही मानाचे आहे; पण त्याची चाल अशी वेगाने वर झेप घेते, की साठीच्या गळ्याने नुसता विचार करावा. योआसोबी या जोडीचे २०१९ साली आलेले 'योरु नि काकेरु' तर धावत्या लोकलमधून पाट्या वाचण्यासारखे. एक शब्द ओळखू येईतो चार पुढे गेलेले असतात. मुलांना ही गाणी सोपी वाटत, कारण हजार वेळा ऐकून ती त्यांच्या अंगात भिनली होती. सोपेपणात सवयीचा वाटा किती मोठा असतो हे तिच्या ध्यानात आले. तिच्या हाती मात्र चारच महिने होते. शिवाय व्याह्यांचे वय तिच्याएवढे. त्यांना ठाऊक नसलेले गाणे म्हणून ती बोलणार कोणाशी? गाणे व्याह्यांच्या तरुणपणातले हवे, असे मग तिने ठरविले.

ती वही करू लागली. जपानी अक्षरांची परंपरागत मांडणी पाहून तिला प्रथम भ्रमच झाला. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही तर ओळखीची बाराखडी! बौद्ध भिक्षूंनी चीनमार्गे जपानला नेलेल्या सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृत वर्णविचाराच्या अभ्यासातून हा क्रम घडला, असे शिक्षकांनी सांगितले. पाच स्वर, उघडी अक्षरे, महाप्राण नाहीत. देवनागरीत गाणे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. एक अडचण मात्र आली. जपानी कान अक्षरांऐवजी मात्रा मोजतो. 'निप्पोन' हा शब्द मराठीत दोन हिसक्यांत संपतो. जपानीत त्याच्या चार मात्रा होतात, कारण अडलेला 'प्' आणि शेवटचा 'न्' यांनाही आपापला ठोका मिळतो. 'तोक्यो'च्याही चार, कारण दोन्ही 'ओ' दीर्घ. देवनागरीचे जोडाक्षर हा सारा हिशेब गिळून टाकते. म्हणून तिने प्रत्येक मात्रेनंतर एक टिंब दिले आणि बोटांवर मोजत म्हणून पाहिले. लहानपणी मात्रावृत्ते अशीच शिकविली होती. जेथे टिंबे विरळ ते गाणे सोपे, जेथे दाट ते अवघड. वहीचे पान दुरून पाहिले तरी कळे.

पहिली निवड तिने सुरांवरून केली. जपानी सुगम संगीतातल्या एका मोठ्या प्रवाहात 'योनानुकि' नावाचे स्वरसप्तक वापरतात. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात, 'नुकि' म्हणजे वगळलेले. चौथा आणि सातवा स्वर वर्ज्य केला की उरतात सा, रे, ग, प, ध. मिरजेच्या मुलीला यात नवे काय! हा तर भूप. सेन मासाओ यांचे १९७७ सालचे 'कितागुनि नो हारु', म्हणजे 'उत्तरेकडचा वसंत', याच सुरावटीतले. शहरात राहणाऱ्या माणसाला गावाकडून आईने पाठविलेले बोचके मिळते आणि तिकडचा ऋतू आठवतो, असा त्याचा आशय. चाल शांत, टिंबे विरळ. दोन दिवसांत ते पाठ झाले, आणि तिसऱ्या दिवशी तिने ते वगळले. कारण ते तिला फारच सोपे गेले होते. ओळखीचे सूर मिळताच गळा आपल्या वाटेला लागला. 'ग' वरून 'प'कडे मींड जाऊ लागली, सम शोधली जाऊ लागली. त्या गाण्याला स्वतःची निराळी हरकत आहे. तिला 'कोबुशि' म्हणतात, आणि ती आपल्या मुरकीच्या जवळची असूनही मुरकी नव्हे. तेच पाच स्वर, परंतु त्यांना सजविण्याचे संस्कार वेगळे. तिला जे येत होते तेच येथे आड येत होते. व्याह्यांसमोर बसून त्यांच्या गाण्याचा भूप करून दाखविणे, यात तिला परीक्षेचा वास आला. तिला परीक्षा द्यायची नव्हती.

मग बरीच गाणी आली आणि गेली. मिसोरा हिबारि यांचे १९८९ सालचे 'कावा नो नागारे नो यो नि', म्हणजे 'नदीच्या प्रवाहासारखे', तिला मनापासून आवडले. त्या थोर गायिकेच्या अखेरच्या गाण्यांपैकी ते; त्याच वर्षी जूनमध्ये त्या वारल्या. पण त्याची सुरुवात खर्जाकडे आणि धृपद उंचावर. गळ्याला जिना चढून जायचा. नात्सुकावा रिमि यांनी २००१ साली गाऊन घरोघर पोचविलेले 'नादा सोसो' संथ आहे, टिंबे मोजकी आहेत. पण त्याचे शब्द मोरियामा र्‍योको यांनी आपल्या दिवंगत भावाच्या आठवणीत लिहिले हे कळल्यावर ते तिला म्हणवेना. तिचाही भाऊ नुकताच गेला होता. अर्थ कळला की काही गाणी अवघड होतात. 'स्मॅप' या गायकचमूचे २००३ सालचे 'जगात एकच असलेले फूल' सर्वांनी मिळून म्हणण्याजोगे, पण शब्द फार. वहीतली पाने भरत गेली. नवऱ्याने एकदा विचारले, 'एका गाण्यासाठी एवढा खटाटोप? कोणतेही म्हण, त्यांना आनंदच होईल.' ते खरेच होते. पण निवडीचे हे कष्ट हीच आपली भेटवस्तू आहे, असे तिला वाटू लागले होते. साडी घेताना विहिणीचा रंग डोळ्यांपुढे आणावा तसे.

अखेर एक गाणे उरले, आणि ते बहुधा सर्वांत प्रसिद्ध असल्यामुळेच तिने सर्वांत उशिरा पाहिले. १९६१ सालचे 'उए ओ मुइते आरुको'. शब्द एइ रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाइ यांची, गायक साकामोतो क्यू. 'वर पाहत चालू या' असा नावाचा अर्थ. डोळ्यांतले पाणी खाली सांडू नये म्हणून वर पाहायचे. ऐकणाऱ्याला ते विरहगीत वाटते. परंतु १९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये जे प्रचंड आंदोलन झाले त्याच्या अपयशाची निराशा एइ यांच्या मनात होती. हे गाणे परदेशात 'सुकियाकी' या नावाने गेले. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीइतका संबंध नाही. परक्या जिभेला झेपेल असा एखादा जपानी शब्द हवा होता, एवढेच. एखाद्या विराणीला कोणी 'पिठले' हे नाव देऊन जगभर विकावे, तसे ते झाले. आणि तरीही १९६३च्या जूनमध्ये ते अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानावर जाऊन बसले, शब्द जपानीच असताना. साकामोतो १९८५च्या १२ ऑगस्टला जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेले. २०११च्या भूकंपानंतर हेच गाणे पुन्हा जपानभर धीर देत फिरले.

या गाण्यात तिला दोन गोष्टी सापडल्या. साकामोतो काही स्वर मध्येच तोडून, जणू उचकी लागल्यासारखे म्हणतात. शब्द लिहिणाऱ्या एइ यांना तो उच्चार आरंभी मुळीच रुचला नव्हता. म्हणजे जपानच्या या लाडक्या गाण्याचा पहिला गायकही पहिल्या रांगेतल्या नजरेतून सुटला नव्हता! ही हकिकत वाचून ती मोठ्याने हसली. दुसरी गोष्ट म्हणजे गाण्यात एके ठिकाणी शब्दच नाहीत, तेथे शीळ आहे. कोणत्याही भाषेच्या माणसाला तेथे उच्चार चुकविता येणार नाही. अडचण इतकीच, की मिरजेच्या वाड्यात मुलींनी शीळ घालणे वर्ज्य होते आणि तिने आयुष्यात कधी शीळ घातली नव्हती. सगळ्या गाण्यातला सर्वांत सोपा भाग तोच तिला येत नव्हता. ती पहाटे तळ्याकाठी जाऊन प्रयत्न करू लागली. आधी नुसती हवा, मग हवेत एखादा चुकार सूर. मंदिराचा ठोका त्याच वेळी चालू असे, त्यामुळे कोणाचे लक्ष जात नसे.

निघण्याआधी वर्गातल्या मुलांनी शहरात तासाच्या भाड्याने मिळणारी एक लहानशी खोली घेतली. यंत्रात हिंदी आणि इंग्रजी गाणीच होती. जपानी चाल मुलांनी दूरध्वनीवरून पडद्यावर आणली. तिने पट्टी दोन घरे खाली घ्यायला सांगितली. शब्द एकेक करीत रंग बदलू लागले आणि ती वहीतल्या टिंबांवर बोट ठेवून गात गेली. गाणे संपले तेव्हा पहिली टाळी एका मुलाची होती, वर्गात उच्चारांबद्दल सर्वांत काटेकोर असलेल्या. तो म्हणाला, 'काकिमा, तुमचा 'नात्सु' अगदी बरोबर येतो. आमचा येत नाही. कसे म्हणता?' नात्सु म्हणजे उन्हाळा. हा शब्द त्या गाण्यात आहे. ती गोंधळली, कारण त्यासाठी तिने काहीच केले नव्हते. मराठीत 'नाचू'तला 'चू' असतो तो तिने म्हटला होता; 'चूल', 'चुलत', 'चूक' यांतला, दातांमागून येणारा 'च'. चिंचेतल्या 'चि'हून तो निराळा, हे मराठी माणसाला कोणी शिकवीत नाही. कोलकात्याच्या प्रमाण बंगालीत तो नाही. दुसरा मुलगा म्हणाला, 'माझी आजी बरिसालची. ती 'चार'ला 'त्साइर' म्हणायची आणि इथले लोक तिला हसायचे.' खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग आजीच्या त्या नातवाने पुढचे गाणे लावले, आणि त्यातला प्रत्येक 'त्सु' आजीच्या आवाजात म्हटला.

जे तोंड एका भाषेत सदोष ठरले होते तेच दुसरीत आपोआप बरोबर निघाले, यात तिचे कर्तृत्व नव्हते. पहिल्या वेळीही तिचा दोष नव्हता. प्रत्येक तोंडात काही दारे उघडी असतात, काही लिंपलेली. आपल्या उघड्या दारांतून ज्या गाण्याला आत येता येते ते आपले सोपे गाणे, एवढाच अर्थ त्यातून निघाला. आणि ती दारे कोणती, हे दुसऱ्याच्या घरी गेल्याखेरीज कळत नाही. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या वयस्क बाई आता हयात नव्हत्या. असत्या तर तिने त्यांच्यापाशी जाऊन तेच गाणे पुन्हा म्हणून दाखविले असते, आणि त्यांनी पुन्हा चुका सांगितल्या असत्या तरी या वेळी ती शेजारी बसून राहिली असती.

निघायला आठ दिवस असताना सुनेचा निरोप आला. व्याह्यांनी विचारले होते, की विहीणबाई आमच्या भाषेत गाणार असे कळते. तेव्हा मलाही तुमच्या भाषेतले एखादे सोपे गाणे पाठवा, मी बसवून ठेवतो. या विचारण्याने ती हरखली आणि लगेच पेचात पडली. वही उलटी धरून तिने मागच्या पानापासून सुरुवात केली. आता मोजायचे होते ते जपानी तोंडाच्या दृष्टीने. 'ळ' असेल ते गाणे बाद, आणि मराठीत 'ळ' नसलेले गाणे शोधू लागल्यावर कळले, की डोळे, आभाळ, वेळ, पावसाळे असे जे जे गाण्याजोगे ते सारे 'ळ' घेऊन बसले आहे. 'ल' आणि 'र' यांत तिकडे भेद नाही. 'ध', 'भ', 'घ' नाहीत. एकेक भावगीत, एकेक बडबडगीत खोडले गेले. शेवटी तिला आठवले, की सोपे काय असावे याचा विचार आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी झालेला आहे. ज्याला वेद येत नाहीत, राग येत नाहीत, त्याच्यासाठी संतांनी एक नामच गाणे म्हणून पुढे ठेवले. टाळ असला तर उत्तम, नसला तर हाताने टाळी. तिने ते नाव जपानी अक्षरांत लिहिण्यास घेतले. 'वि'चा 'बि' झाला. 'ठ्ठ'च्या जागी अडलेला 'त्ता' आला. 'ल' लिहिता येईना, तेथे 'रु' घालावा लागला. 'बित्तारु.' तिने ते मोठ्याने म्हणून पाहिले, पुन्हा एकदा म्हटले, आणि खोडायला उचललेली पेन्सिल खाली ठेवली. अक्षरांमध्ये मात्रांची टिंबे देऊन तिने पानाचे छायाचित्र घेतले आणि नागोयाला पाठवून दिले.